साडूबुवांच्या गाठीचं माप

३ नोव्हेंबर

साडूबुवांना सप्रेम नमस्कार, आणि हे पत्र तुमच्याखेरीज कुणाच्या हाती न पडो ही हात जोडून विनंती.

पत्र घरी न पाठवता हॉस्पिटलच्या पत्त्यावर का पाठवलं, असं वाटेल. आपल्या दोन्ही घरांत फोन हा बायकांचा, म्हणजे त्या दोघी बहिणींचा प्रांत. मी फोन केला तर उचलणार तुमची थोरली, आणि मी इथे नुसता शिंकलो तरी पंधरा मिनिटांत ते माझ्या धाकटीच्या कानावर येणार. तीस वर्षांत आपण दोघं फोनवर 'बरं, देतो हं' यापलीकडे काही बोललेलो नाही. म्हणून पत्र.

नमनाला घडाभर तेल झालं, पण काय करू, हात पुढे सरकत नाही. आमच्या प्रयोगशाळेत लोकांची मापयंत्रं तपासायला येतात आणि प्रत्येकाचा मी अहवाल लिहितो. तेवढंच मला बिनचूक लिहिता येतं. तेव्हा तसंच लिहितो.

वस्तू: मी.
स्थान: वृषणकोश, डावी बाजू. वृषणाच्या वर, थोडी मागे.
दोष: एक गाठ. गोल, गुळगुळीत. दुखत नाही.
माप: १८.२ मिलिमीटर. व्हर्नियरने तीनदा मोजून सरासरी.
प्रथम लक्षात आली: मागच्या रविवारी, अंघोळ करताना.
शेरा:

शेऱ्याची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. लोकांच्या अंगातून काढलेल्या गाठी कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात तुमचा जन्म गेला. ही कॅन्सरची आहे का, एवढंच सांगा.

धाकटीला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुम्हाला माहीत आहे, सव्वीस वर्षं ती शाळेत भूगोल शिकवते. हिमनदी कशी सरकते, दगड कसे घासत नेते, हे तिने हजारो मुलांना फळ्यावर काढून दाखवलं. स्वतः एकही बघितलेली नाही. येत्या उन्हाळ्यात दोघांनी दोन महिन्यांची रजा घेतली आहे ती त्यासाठीच. दहा डिसेंबरच्या आत तिकिटं पक्की करायची आहेत, नाहीतर पुढचं वर्ष. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला असतो आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. तिला काय सांगू?

तुमचा,
धाकटा साडू


९ नोव्हेंबर

साडूबुवा,

पत्र पोचलं. पाकिटावर तुम्ही तांबड्या शाईने 'अत्यंत खासगी' असं तीन वेळा लिहिलंत, त्यामुळे आमच्या विभागातल्या झाडून सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. पुढच्या वेळी काही न लिहिता पाठवा.

शेरा मी लिहिणार नाही. माझ्याकडे अख्खा माणूस कधी येतच नाही, बाटलीत त्याचा तुकडा येतो. तुमच्या पत्रातून तर तेवढाही आला नाही. पण तुमची पाचावर धारण बसली आहे हे दिसतंय, म्हणून काय काय असू शकतं ते सांगतो.

त्या भागात निरुपद्रवी गाठी किती होतात याची लोकांना कल्पना नसते, कारण कुणी कुणाला सांगत नाही. काही नुसत्या कातडीतल्या असतात, आत पांढरा, भुसभुशीत मळ. काहींच्या वृषणाभोवतीच पाणी साठतं. आणि तिसरी जात बहुधा तुमची. वृषणाच्या पाठीला एक बारीक नळी गुंडाळून बसलेली असते, अधिवृषण म्हणतात तिला. उलगडून सरळ केली तर सहा मीटर भरेल. तिला कुठेतरी फुगवटा येतो, त्यात पाणी साठतं, झाली गाठ. चाळिशी उलटलेल्या पुरुषांत या ढिगाने सापडतात.

अशा गाठी मी कापून पाहिल्या आहेत. भिंत इतकी पातळ की काचपट्टीवर घेताना सुरकुतते. आतल्या बाजूला पेशींचा एकच थर, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखा सरळ रांगेत. कॅन्सरच्या पेशी अशा रांगेत उभ्या राहत नाहीत, ढकलाढकली करतात. आत पाणी, कधी स्वच्छ, कधी दुधट. दुधट असलं तर त्यात शुक्रजंतू सापडतात, बहुतेक मेलेले. संपलं.

आम्हाला भीती वाटते ती वृषणाच्या आतल्या टणक गाठीची. तुमची बाहेर आहे असं तुम्ही म्हणता. पण तुम्ही म्हणून चालत नाही. डॉक्टर बोटांनी चाचपून ती वेगळी लागते का बघेल. अंधारात मागून बॅटरी लावेल, आत पाणी असेल तर उजेड आरपार दिसतो. मग सोनोग्राफी. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. याच आठवड्यात जा.

आणि ते व्हर्नियर कपाटात ठेवा. मोजत बसू नका. धाकटीला सांगा. मी तोंडाला कुलूप लावलं आहे, पण थोरलीपुढे माझं कुलूप किती टिकतं हे तुम्ही जाणता.

तुमचा,
थोरला साडू


२० नोव्हेंबर

साडूबुवा,

सहा मीटर? एवढ्याशा जागेत? दोन दिवस मी याच विचारात होतो. आमच्याकडचा एकही कारागीर एवढी नळी एवढ्या जागेत न मोडता गुंडाळू शकणार नाही.

मोजू नका म्हणालात. मी मोजलं. न मोजता राहणं मला जमत नाही हो, तुम्हाला स्लाईड न बघता राहायला सांगितलं तर जमेल का? पहिलं माप संध्याकाळी अंघोळीनंतर घेतलं होतं. पण संध्याकाळी धाकटी घरात असते, दार वाजवते. म्हणून नंतरची सगळी सकाळी साडेपाचला घेतली, ती उठायच्या आत.

३ नोव्हेंबर: १८.२
९ नोव्हेंबर: १९.६
१४ नोव्हेंबर: २०.५
१९ नोव्हेंबर: २१.३

सोळा दिवसांत तीन मिलिमीटर. आलेख काढला तर सरळ चढती रेघ येते. ती पुढे ओढून मी उन्हाळ्यापर्यंत नेली आणि मग पेन्सिल खाली ठेवली.

बॅटरीचा प्रयोगही केला. शनिवारी दुपारी न्हाणीघराच्या खिडकीवर टॉवेल लावला, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं. खरं सांगतो, उजेड आला. लालसर, आरपार. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने 'वा!' म्हणालो. लगेच बाहेरून धाकटी, 'आत काय चाललंय?' बॅटरी बादलीत पडली. आता ती लागत नाही. पण एका चाचणीत पास आणि दुसरीत नापास झालेलं यंत्र आमच्याकडे नापासच धरतात, आणि माप तर वाढतंच आहे.

डॉक्टरकडे गेलो नाही. दोनदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो. जाऊन खरंच कळलं तर काय करायचं, हे मला सुचत नाही.

प्रवास या वर्षी होणार नाही असं मी धाकटीला सांगून टाकलं. प्रयोगशाळेत मोठं काम आलं आहे म्हणालो. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं 'बरं' म्हणाली, नकाशाची गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवली. आता टेबलावर ताटं ठेवायला जागा आहे, तरी मी ताट मांडीवरच घेतो.

मागे राहणाऱ्याची गैरसोय नको म्हणून तयारी सुरू केली आहे. घरातल्या प्रत्येक नळाला, बटणाला, फ्यूजला चिठ्ठी लावली. काय बिघडलं तर कुणाला बोलवायचं, त्याचा नंबर. तिला फ्यूज बदलायला शिकवला. पहिल्या फटक्यात जमलं तिला. मला रडू आलं, पण मी शिडीवर होतो, तिने पाहिलं नाही.

धाकटा साडू


२४ नोव्हेंबर

भाओजी, नमस्कार.

माझं पत्र आलेलं बघून दचकाल. ताईला फोन करून सांगण्यासारखं हे नाही. तिला सांगितलं तर ती पुढच्या गाडीने इथे येऊन ह्यांची उलटतपासणी घेईल, आणि ते मला आत्ता नकोय.

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. महिनाभर माझ्या नजरेला नजर देत नाहीत. पाठ फिरवून, भिंतीला नाक लावून झोपतात. सकाळी साडेपाचला उठून न्हाणीघरात जातात, आतून कडी. मागे एका शनिवारी दुपारी आत बॅटरी घेऊन बसले होते आणि एकदम 'वा!' म्हणून ओरडले. दार उघडलं तेव्हा तोंड असं, जसं माझ्या वर्गात कॉपी करताना पकडलेलं पोर. खिशात एक छोटी वही असते, मी आले की मिटतात.

हिमनदी रद्द झाली. काम आलंय म्हणे. मी त्यांच्या साहेबांच्या बायकोला बाजारात भेटले, ती म्हणाली, 'कसलं काम? सध्या तर सगळे माशा मारतायत.' भाओजी, ह्यांनी माझ्याशी आजवर खोटं बोललेलं मला आठवत नाही. त्यांना येतच नाही खोटं बोलता, कान लाल होतात. तेव्हाही झाले होते. मी कानांकडे बघत 'बरं' म्हणाले.

आणि आता घरभर चिठ्ठ्या. गिझरवर चिठ्ठी, गॅसवर चिठ्ठी, शिवणयंत्रावर चिठ्ठी. मला फ्यूज बदलायला लावला, मग तो नीट बसला का ते बघायला स्वतः शिडीवर चढले. पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो ते दोनदा दाखवलं. एवढं सगळं बायकोला कोण शिकवतं? जो घर सोडून जायचं म्हणतो तो.

तुम्हाला विचारते कारण तुम्ही गोड बोलून फसवणार नाही. तुमच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पत्रं जातात हे मला माहीत आहे, टिपकागदावर पत्ता उलटा उमटलाय. खरं सांगा, दुसरं कुणी आहे का? असेल तर असू दे. मी काय ते बघेन. पण माझ्या पाठीमागे सगळ्यांना माहीत आणि मला नाही, असं नको.

तुमची मेहुणी


२७ नोव्हेंबर

साडूबुवा,

आज मी रागावलेलो आहे, तेव्हा आधी ते.

तुमच्या बायकोचं मला पत्र आलं. तिची खात्री झाली आहे की तुम्ही दुसरी बाई बघितली आणि जाण्याआधी तिला फ्यूज शिकवून चाललात. तुम्ही शिडीवर रडत होतात म्हणे. ती खाली उभी राहून कुणाच्या नावाने रडत असेल? मी तिला दोनच ओळी लिहिल्या: 'दुसरं कुणी नाही, शपथेवर सांगतो. बाकीचं सांगण्याचा हक्क माझा नाही, त्याचा आहे, आणि तो मंगळवारी सांगेल.' आता मंगळवारी सांगायचं. नाही सांगितलंत तर मी कुलूप तोडून थोरलीला सांगेन, मग तुम्ही आहात आणि ती आहे.

आता तुमचा आलेख. फार देखणा आहे. आठ वर्षांपूर्वी मी तुमची प्रयोगशाळा बघायला आलो होतो. टेबलावर एक पोलादी ठोकळा होता, मी सहज उचलायला गेलो तर तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. आठवतं? म्हणालात, हाताच्या उबेने तो फुगेल, आता वीस अंशांवर येईपर्यंत थांबावं लागेल, तापमान न लिहिलेलं माप म्हणजे बाजारगप्पा. मी वयाने मोठा साडू, माझ्या हातावर फटका!

तर आता सांगा. १८.२ कुठल्या तापमानाला? संध्याकाळी, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर. आणि २१.३? नोव्हेंबरच्या थंडीत, पहाटे साडेपाचला, फरशीवर अनवाणी. अहो, त्या कातडीखाली स्नायूंचा पातळ थर असतो. ऊब मिळाली की कातडी सैल आणि पातळ होते, गारठा लागला की आक्रसते, जाड होते, सुरकुत्या पडतात. आतल्या मालाचं तापमान कायम राखणं हेच तिचं काम. व्हर्नियरच्या दोन्ही जबड्यांत गाठीबरोबर ती कातडीही आली, दोन्ही बाजूंनी. थंडी वाढत गेली तसं तुमचं माप वाढत गेलं. तुम्ही गाठ मोजली नाहीत साडूबुवा, हिवाळा मोजलात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हा माझा अंदाज आहे, निदान नव्हे. तुमच्या गावातल्या सर्जनबरोबर मी शिकलो आहे, त्याच्याशी बोललो. मंगळवार, सकाळी अकरा. पायरीवरून परतलात तर त्याने मला फोन करायचं ठरलं आहे, घरच्या फोनवर.

थोरला साडू


५ डिसेंबर

साडूबुवा,

हे पत्र मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहितोय, शेजारी धाकटी वह्या तपासतेय. लपवाछपवी संपली. वाटलं तर हे थोरलीला मोठ्याने वाचून दाखवा, पण एखादा परिच्छेद गाळा.

मंगळवारी पावणेअकरालाच जाऊन बसलो. तुमचे सर्जन बोलतात कमी. हात मात्र ऊबदार होते, ही मोठी गोष्ट. चाचपून म्हणाले, 'वृषण वेगळं, ही वेगळी.' मग त्यांची बॅटरी. मी म्हणालो, 'उजेड येतो, मी बघितलंय.' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग सोनोग्राफी. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या असतील, मी छताकडे बघत राहिलो. पडद्यावर एक काळा, स्वच्छ गोल दिसला. आत नुसतं पाणी, भिंत पातळ, बाकी सगळं ठीक. १५.८ मिलिमीटर. मी विचारलं, 'तुमचं मशीन शेवटचं कधी तपासलं?' त्यांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट केलं. तारीख बरोबर होती. मी क्षमा मागितली.

सर्जन म्हणाले, काही करायचं नाही. दुखायला लागली, फार मोठी झाली, टणक लागली तर या, नाहीतर ती तिच्या जागी, तुम्ही तुमच्या. आत शुक्रजंतू आहेत की नुसतं पाणी, हे सुई घातल्याशिवाय कळणार नाही, आणि ते कळून कुणाचं भलं होणार नाही, म्हणून सुई घालायची नाही. 'मग शेरा काय लिहू?' म्हटलं. म्हणाले, 'वापरण्यास योग्य.' तुम्ही त्यांना माझ्याबद्दल काय काय सांगितलंय कोण जाणे.

तापमानाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. एकोणतीस वर्षं मी हाताखालच्या पोरांना तापमानाच्या चुका काढून शिव्या घातल्या. आमच्या प्रयोगशाळेत कुणी हे केलं असतं तर मी त्याला महिनाभर झाडू मारायला लावला असता. हे कुणाला सांगू नका, एवढी तरी माझी लाज राखा.

घरी आलो. धाकटी इथेच बसली होती. मान वर न करता म्हणाली, 'आज मंगळवार आहे.' मी म्हटलं, 'हो.' सोनोग्राफीचा कागद तिच्यापुढे सरकवला. छापील अक्षरांत माझं सगळं दुखणं होतं, मला तोंडाने काही बोलावं लागलं नाही. तिने तो वर्गातल्या मुलाचा पेपर तपासावा तसा वाचला, शेवटपर्यंत. मग दुसऱ्यांदा वाचला. मग चष्मा काढून ठेवला.

'ह्याच्यासाठी?' म्हणाली. 'ह्या एवढ्याशा गाठीसाठी तुम्ही माझी हिमनदी घालवलीत? मला फ्यूज शिकवलात?'

मी म्हटलं, 'मला वाटलं, मी मरणार. तुला एकटीला परक्या मुलखात माझं आजारपण काढावं लागेल.'

'मला विचारायचं होतंत.'

'तुला काय माहीत असणार?'

तेव्हा ती हसायला लागली, साडूबुवा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. म्हणाली, 'अहो, ती गाठ अकरा वर्षांपासून आहे.'

मी खुर्ची ओढून बसलो.

तिला अकरा वर्षांपूर्वी हाताला लागली. माझ्या बायकोच्या हाताला लागली आणि मला माझ्याच अंगाची खबर नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. तीही घाबरली होती. शाळेत मुलांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तिने हळूच गाठून सगळं वर्णन सांगितलं: कुठे आहे, केवढी, मऊ की टणक, दुखते का. त्या म्हणाल्या, 'पाण्याची गाठ वाटते, पण एकदा घेऊन या त्यांना.' आणि तोवर कशावर लक्ष ठेवायचं ते शिकवलं. तिने मला नेलं नाही. ही तिची चूक आहे, ती कबूल करते. तुम्ही यावर रागवाल, रागवा, तिच्या नावाने वेगळं पत्र घाला. पण लक्ष मात्र तिने ठेवलं. अकरा वर्षं, महिन्या-दोन महिन्यांनी, मला पत्ता लागू न देता. वाढलेली नाही, म्हणते. पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच आहे. फक्त हा महिना राहून गेला, कारण मी भिंतीकडे तोंड करून झोपत होतो.

आयुष्यभर मी पोलाद मोजलं आणि स्वतःला फार हुशार समजलो. माझ्यावर एवढी वर्षं कुणीतरी इतक्या मायेने पाळत ठेवून आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्या टेबलाशी मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली की मी नुसता तिचा हात धरून बसलो. वह्या तशाच राहिल्या.

तिकिटं काल पक्की केली. सहा दिवस शिल्लक होते. चिठ्ठ्या काढू नका म्हणते, गिझरवाल्याचा नंबर कामाचा आहे.

एक गोष्ट तेवढी मला राहवेना. मी तिला विचारलं, 'अगं, अकरा वर्षं माहीत होतं तर मला एका शब्दाने सांगितलं का नाहीस?'

लाल पेन उचलून तिने पुढची वही उघडली. म्हणाली, 'सांगितलं असतं तर तुम्ही मोजत बसला असतात.'

तुमचा,
धाकटा साडू